धवल्याची रंगीत तालीम

“मिक्सर! दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर बंद करा! इथे रेकॉर्डिंग चाललंय, रेकॉर्डिंग!”

आमचे हे गॅलरीच्या कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून ओरडत होते. ठाकुर्लीची आमची सोसायटी बावन्न घरांची आहे आणि बावन्नही घरांत मिक्सर आहेत. ह्यांच्या त्या आरोळीनं बावन्नच्या बावन्न एका दमात थांबले. खाली भंगारवाला आला होता, त्यानं हातगाडी जागच्या जागी उलटी फिरवली. समोरच्या टॉवरच्या बांधकामावरचे लोक जेवणाची सुट्टी झाली असं समजून डबे उघडून बसले. ह्यात अतिशयोक्ती नाही. असलीच तर डब्यांपुरती.

आत झोपायच्या खोलीत एक आजी बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खोलीच्या खिडकीला आम्ही कापसाची गादी उभी लावली होती. चारी भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. कपाटाच्या दारावर ह्यांचा लग्नातला सूट आणि माझे दोन शालू लटकत होते, कारण कपडे आवाज पितात असं ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. महिना एप्रिलचा. इडलीचं पीठ आणून ठेवलं असतं तर कार्यक्रम संपेपर्यंत नाश्ता तयार झाला असता.

आजींनी पदरानं मान पुसली आणि मला म्हणाल्या, “बाई, तुमाला गानं पायजे का मी शिजलेली पायजे?”

उंबऱ्यावर त्यांची सून बसली होती. ती हसली नाही. ती सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि तिचं बरोबर होतं.

आजींच्या घशात गाठ होती. माजिवड्याच्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जिवाची काळजी नको, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. राहिलीच तर कुजबुज राहील. आता तुमचा-माझा आवाज गेला तर घरातली माणसं दोन दिवस हळहळतील आणि तिसऱ्या दिवशी त्यांना बरं वाटायला लागेल. आजींची गोष्ट वेगळी होती. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागण्यापासून लग्न लागेपर्यंत जी बाई धवला गाते ती. त्यांच्या गावात त्यांच्याशिवाय धवला पूर्ण येणारी दुसरी बाई उरली नव्हती, आणि मे महिन्यात त्यांच्याच नातीची हळद होती. सुनेला एकच गोष्ट हवी होती: आपल्या मुलीच्या हळदीला आजीचा धवला आजीच्या आवाजात वाजावा. आजी समोर बसलेल्या असाव्यात, गळा शाबूत नसला तरी.

त्यासाठी ती आमच्याकडे आली, ही तिची एकमेव चूक. बाकीच्या सगळ्या आमच्या.

आम्ही दोघं निवृत्त. हे नौपाड्यातल्या एका ऑफिसातून, मी शाळेतून. शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, बहुतेक काळ सातवी ‘ब’ला. आजींची नात माझ्याच हाताखालून गेली, म्हणून त्या घरात मी अजून ‘बाई’ आणि हे ‘सर’, जरी ह्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो. मग विषय संपले आणि आम्ही पॉडकास्ट सुरू केला. त्याबद्दल जगात जेवढे म्हणून गैरसमज आहेत, तेवढे सगळे आमच्या दोन खोल्यांत सहकुटुंब राहायला आले.

माझा गैरसमज असा, की ज्याला बोलता येतं त्याला पॉडकास्ट येतो. मला तर इतकं बोलता येतं की मी वर्गात लढाई सांगायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलं आमच्या बाजूनं लढायला यायची. पहिल्या भागासाठी मी विषय घेतला ‘ठाकुर्लीचे डास: काल आणि आज’. एक तास चाळीस मिनिटं बोलले. नंतर ऐकायला बसले तर माझ्या लक्षात आलं, की दर चौथ्या वाक्याला मी “कळलं का?” असं विचारतेय आणि उत्तराची वाट बघत थांबतेय. वर्गात साठ चेहरे असतात. मागच्या बाकावर कुणी जांभई दिली की आपण सन सोडून घोड्यावर येतो. माइक जांभई देत नाही. हा त्याचा मोठाच दोष आहे. तो बिचारा पडेल ते ऐकत राहतो आणि आपल्याला वाटतं, वा, रंगलंय.

दुसरा गैरसमज दोघांचा मिळून. आम्हाला वाटलं, लोक वाट बघतायत. भाग चढवला आणि दहावीचा निकाल असावा तसे दोघं स्क्रीनसमोर बसलो. पहिली ऐकणारी मी. दुसरे हे. तिसरी नौपाड्यातली माझी बहीण. तिनं चालू करून फोन ओट्यावर ठेवला आणि भाजी आणायला गेली. म्हणजे तिच्या घरात ते सगळं तिच्या मनीप्लँटनं ऐकलं. त्याचं पान पिवळं पडलं म्हणतात, पण ती बाई अतिशयोक्ती फार करते.

“वाईट कशानं झालं सांगू?” हे म्हणाले. “माइकनं.”

हा तिसरा गैरसमज, आणि ह्याच्यापायीच सगळं घडलं, म्हणून तो नीट सांगते. ह्यांनी नवा माइक आणला. खांबावर बसणारा, पुढे काळी जाळी, तारा एखाद्या आयसीयूत असाव्यात इतक्या. त्या माइकला माझा आवाज तर ऐकू यायचाच, पण शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, जिन्यातली चप्पल, आणि डोंबिवलीत कुणी चिवडा खात असेल तर तोही ऐकू यायचा. म्हणून मग गोधड्या आल्या. गोधड्या आल्या म्हणून गादी आली. गादी आली म्हणून हे हॉलमध्ये सतरंजीवर झोपायला लागले आणि ह्यांची पाठ धरली. कलेसाठी झिजणं म्हणतात ते हेच असावं.

सून आली तेव्हा तिला ह्यातलं काहीच नको होतं. तिनं दारात उभ्याउभ्याच विचारलं, “बाई, आईंचा धवला फोनवर घ्यायचाय. नातीच्या हळदीला लावायला. फोनचं ते कुठलं बटण दाबायचं, तेवढं सांगा.”

हे पेपर वाचत होते. पेपर खाली आला. “फोनवर?”

“हो सर. चालेल ना?”

“अगं, फोनवर फोन करतात.” हे उठून उभे राहिले. “एवढा ठेवा, आणि तू तो फोनवर घेणार? घाईघाईत? बुधवारी घेऊन ये त्यांना. आपण पद्धतशीर करू. पॉडकास्टचा विशेष भागच करू. हळदीलाही वाजेल आणि जगभर जाईल.”

“जगभर नको सर, मांडवात वाजला तरी पुरे.”

“तू काळजी करू नकोस,” मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं. पुढे आमच्यात जेव्हा-जेव्हा वाद झाला तेव्हा ह्यांनी मला ह्या वाक्याची आठवण करून दिली.

आता ‘पद्धतशीर’ ह्या शब्दाचा अर्थ आमच्याकडे काय होतो ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या डोंबिवली-कल्याण पट्ट्यात दोन माणसं रिक्षा स्टँडवर जरा जास्त वेळ उभी राहिली तर तिसरा त्यांचं स्वागत करतो, चौथा त्यांचा परिचय करून देतो, आणि रिक्षा आली की पाचवा आभार मानतो. ह्यांनी तर सव्वीस वर्षं सोसायटीच्या गणपतीत, हळदीकुंकवात, आणि एकदा पाण्याच्या नव्या टाकीच्या उद्घाटनात सूत्रसंचालन केलेलं. शिवाय तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेली. अशा माणसाच्या हाती पाहुणा लागला म्हणजे कार्यक्रमपत्रिका होणारच. झाली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, धवला, आभार. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेली: रंगीत तालीम.

बुधवारी अकराला आजी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, माइककडे बघितलं. “ह्यो काय दुधी टांगलाय?”

“ह्यात आवाज जातो, आजी.”

“जातो ना? मग येल कसा?”

ह्यांनी माइकची तार उगाच सरळ केली. त्यांनी तालीम सुरू करू या म्हणून सांगितलं. यंत्र मुद्दाम बंद ठेवलं होतं. यंत्र चालू असलं की नवा कलाकार दडपतो, हे ह्यांचं मत. साठ वर्षं हजार-हजार माणसांच्या मांडवात गाणारी बाई ह्यांच्या लेखी नवी कलाकार होती.

आजींनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर ठेवला आणि तळव्यानं ठेका धरला, अगदी हलका, डाळ पाखडताना सूप टेकतं तेवढा. मग सुरू केलं.

आवाज गोड नव्हता. जाड, खडीवरून ओढल्यासारखा, आणि ओळ संपताना श्वासात मिसळून जाणारा. गाठीमुळे तो आणखी खरबरीत झाला असेल. मला पूर्वीचा माहीत नाही. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिच्या पाठीवर. आधी देवांना बोलावलं, मग गावच्या वेशीला, मग पाण्याला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन: सासरे, दीर, एक लहानपणीच गेलेला मुलगा. त्याचं नाव आलं तेव्हाही ठेका तोच होता. कुणालाच वगळलं नाही, कुणापाशीच थांबल्या नाहीत. मी एकतीस वर्षं गेलेल्या माणसांबद्दलच बोलत आले. असं हाक मारून बोलावणं मला कधी जमलेलं नाही.

उंबऱ्यावर सुनेचे ओठ हलत होते. मध्येच तिनं पिशवीतून फोन काढला आणि समोर धरला.

“ठेव गं तो,” मी म्हटलं. “तालीम आहे ही. आणि फोन असला की माइकमध्ये खरखर येते.”

माइक बंद होता. त्यात खरखर यायची ती कुठून? पण मी ते सातवी ‘ब’च्या आवाजात म्हटलं. तो आवाज ऐकला की चाळिशीला आलेले बाप्येसुद्धा भर रस्त्यात हातातली वस्तू खाली ठेवतात. तिनं फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली.

पंचवीसेक मिनिटांनी आजी थांबल्या.  हौशी नाटकवाल्यांचं एक सूत्र ह्यांना तोंडपाठ होतं, की रंगीत तालीम बिघडली की प्रयोग रंगतो. तालीम रंगली तर पुढे काय होतं ते त्या सूत्रात नव्हतं. त्यामुळे हे कार्यक्रमपत्रिका एकदा उलटीसुलटी करून बघून म्हणाले, “अप्रतिम! आजी, आता असंच्या असं करायचं.”

“केलं की.”

“ती तालीम झाली. आता खरं करायचं.”

“मंग मगाशी काय खोटं व्हतं?”

मी चहा केला. आल्याचा, घशाला बरा म्हणून. चहानंतर ह्यांनी यंत्र चालू केलं, लाल दिवा लागला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खोबरं वाटायला घेतलं. सुरुवातीला सांगितलेली आरोळी ती इथली. बावन्न मिक्सर थांबले. हे खोलीत परतले. ह्यांनी घसा साफ केला आणि समई पेटवायला काडेपेटी मागितली.

“अहो, ऐकणाऱ्याला समई दिसणार आहे का?” मी विचारलं.

“म्हणून तर मी सांगणार ना.”

“चारी बाजूंनी कापूस आहे. पेट घेतला तर तेही सांगाल.”

समई पेटली. ह्यांनी माइकला सांगितलं की समई पेटली आहे. मग प्रास्ताविक. ते कल्याणच्या प्राचीन बंदरापासून सुरू झालं, आणि गलबतं हळूहळू निघाली. परिचयापर्यंत यायला त्यांना अठरा मिनिटं लागली. आजी पदरानं वारा घेत होत्या. घामाचा एक ओघळ कुंकवातून वाट काढत नाकापर्यंत आला होता. मग सत्कार.

“आता मी आजींच्या खांद्यावर शाल घालत आहे,” हे माइकजवळ जाऊन म्हणाले. “शाल जांभळ्या रंगाची आहे.”

“ह्या गरमीत?” आजी म्हणाल्या.

“आणि हे श्रीफळ.”

मी टाळ्या वाजवल्या. मी एकटीच. सून माझ्या हातांकडे बघत होती.

पुढे कार्यक्रमपत्रिकेत मनोगत होतं. “आजी, आपल्या बालपणाबद्दल दोन शब्द सांगा.” आता आजींच्या पिढीच्या बाईला कधी कुणी माइकसमोर बसवून बालपण विचारलेलं नसतं. आदबीनं विचारलं, म्हणून त्यांनी आदबीनं सांगितलं. मिठागरावर अनवाणी चालून पायाला पडलेल्या चिरा, भाताची लावणी, बारा वर्षांची असताना मावशीच्या मागे बसून धवला ऐकणं. वीस मिनिटं. बोलता-बोलता आवाज बसत चालला होता. आम्हाला तो मायाळू वाटत होता.

“सर,” सून उंबऱ्यावरून म्हणाली, “आईंना जास्त बोलायला नाही सांगितलंय डॉक्टरांनी.”

ह्यांनी हात वर केला. “हे आपण एडिटमध्ये काढू.”

तिचं बोलणं काढू म्हणाले. आजींचं खर्च झालेलं बोलणं एडिटमध्ये परत घालता येत नाही, एवढं साधं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. यंत्र आहे म्हणजे सगळं नंतर दुरुस्त होतं, हा आमचा शेवटचा गैरसमज, आणि बाकीच्यांपेक्षा तो फार शिकल्यासारखा दिसायचा.

मग धवला. पहिलं कडवं आलं. मगाचचंच, जरा मागे राहिल्यासारखं. दुसऱ्यात मध्येच आवाज फाटला. आजींनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्याला त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, तळवा मांडीवर बरोबर पडत राहिला, आणि नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याचा तांब्या कुठे आहे ते विचारावं तसं. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या. पुन्हा हवा. त्या थोड्या नवल वाटल्यासारख्या स्वतःच्या गळ्याला हात लावून बसल्या.

माइकनं सगळं घेतलं. घोट, श्वास, शालीची सळसळ, आणि खाली पुन्हा सुरू झालेलं खोबरं.

सून उठली. तिनं आजींच्या खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि आमच्या पलंगाच्या उघड्या फळीवर ठेवली. नारळ शालीवर ठेवला. “चला आई.”

“उद्या परत बसू,” हे म्हणाले. “विश्रांती घेतली की येईल आवाज. मी परिचय थोडा आटोपशीर...”

“बघू सर.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या इमारतीत ओरडण्याला उत्तर द्यायची पद्धत आहे, “बघू”ला नाही.

आवाज गुरुवारी आला नाही. डॉक्टरांनी फोनवर पूर्ण मौन सांगितलं. शुक्रवारी मी ज्येष्ठमध आणि खडीसाखर घेऊन आजींच्या गावात गेले. गाव म्हणजे तीन टॉवरांच्या मध्ये उरलेली वीस-पंचवीस घरं. सकाळी एका टॉवरची सावली पडते, दुपारी दुसऱ्याची, त्यामुळे तिथे कुणी छत्री घेत नाही. आजी ओटीवर बसल्या होत्या. सून त्यांना चिकटून, कान त्यांच्या तोंडापाशी. मांडीवर दोनशे पानी वही. आजी कुजबुजत, ती लिहून घेई, मग हलक्या आवाजात म्हणून दाखवी. आजींचा हात आता स्वतःच्या मांडीवर नव्हता, सुनेच्या गुडघ्यावर होता. ठेका तिथे पडत होता. चुकलं की चापट. मी बसले तेवढ्या वेळात चापटा इतक्या पडल्या की कबड्डीच्या सामन्यात नसतील पडत.

“मौन आहे ना त्यांना?” मी विचारलं.

“त्या म्हणतात, मौन सोमवारपासून.”

“अगं, मग निदान आता तरी फोनवर घे.”

“घेऊन बघितलं, बाई. नुसती फुसफुस येते.” तिनं वहीचं पान उलटलं. “आणि फोन चालू असला की मी लक्ष देत नाही. वाटतं, आहे की त्यात.”

मी ज्येष्ठमध खाली ठेवला. मला म्हणायचं होतं ते मी वाटेत चार वेळा पाठ केलं होतं: चूक झाली, मी तुला फोन ठेवायला सांगायला नको होतं. म्हटलंही. सुनेनं मान हलवली. आजींनी मात्र माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. क्लास चालू होता आणि मी मध्ये बोलत होते. एकतीस वर्षांत मला कुणी वर्गात गप्प बसवलं नव्हतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गाठ गेली, आणि कुजबुज राहिली, तीही कान जवळ नेला तर.

इकडे ह्यांनी आठवडाभर हेडफोन लावून एडिट केलं. मी जेवायला वाढलं की येत, जेवत, परत जात. आधी दीपप्रज्वलन कापलं. मग सत्कार. मग परिचय आणि प्रास्ताविक, कल्याणच्या बंदरासकट. सव्वीस वर्षांत ज्या माणसानं स्वतःचा एक अनुस्वार सोडला नव्हता, त्यानं स्वतःला मुळापासून काढून टाकलं. तासाभराची चार मिनिटं झाली. पहिलं कडवं, दुसऱ्याचा अर्धा, आणि एक घोट पाणी. तो घोट काढायचा का ठेवायचा ह्यावर ते एक अख्खा दिवस बसले होते. ठेवला. पेन ड्राइव्ह स्वतः नेऊन दिला. सुनेनं घेतला, थँक्यू सर म्हणाली, आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला. पॉडकास्टवर आम्ही तो भाग चढवला नाही. त्यानंतर दुसराही कुठला चढवला नाही. गादी पलंगावर परत आली.

मे महिन्यात हळदीचं बोलावणं आलं. हे जायला तयार नव्हते. शेवटी पांढरा शर्ट घालून निघाले, खिसे रिकामे करून. फोनही घरी ठेवला. आगऱ्यांच्या हळदीचा डीजे ज्यानं ऐकलेला नाही त्याला मी काय सांगणार? फ्रिजएवढे स्पीकर, तेही डबल डोअरचे. तो लागला की ठाण्याच्या खाडीतले मासे ताप आल्यासारखे कल्याणच्या बाजूला सरकतात, आणि टॉवरमधल्या लोकांचे कप कपाटातल्या कपाटात जागा बदलतात. आम्ही पोचलो तेव्हा तो पूर्ण जोरात होता. सून मांडवातून सरळ डीजेवाल्याकडे गेली आणि त्याच्या कानात काही बोलली. त्यानं तिच्याकडे, मग आजींकडे बघितलं, आणि बटण फिरवलं. त्या गावात हळदीचा डीजे मध्येच थांबल्याची ही पहिलीच वेळ. सगळे नाचता-नाचता एक-एक पाय वर घेऊन थांबले. दिवे गेले की काय म्हणून चारपाच जण वर बघायला लागले.

नवरी पाटावर बसली होती, हात-तोंड हळदीनं पिवळं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आजी, गळ्याला पांढरा रुमाल. सून पाटाजवळ खाली बसली. पदर खोचला, वही उघडली, आणि म्हणायला लागली.

तिचा आवाज बारीक होता. धवलारणीचा नव्हताच. पहिल्या दोन ओळी तर मागच्या रांगेपर्यंत पोचल्याही नाहीत, मागे कुणीतरी “काय झालं रं?” असं विचारलं आणि चार बायकांनी त्याला एकदम गप्प केलं. दोनदा तिनं वहीत बघितलं, मग वही मिटून पाटाखाली सरकवली. देव आले, वेस आली, पाणी आलं. आजींचा हात खुर्चीच्या दांड्यावर पडत होता. मग गेलेल्या माणसांची नावं आली आणि तिथे ती अडकली. ओठ उघडे, पुढचं काही नाही. दांड्यावरचा हात थांबला नाही. तीन ठेके रिकामे गेले. चौथ्याला तिनं कुठलीतरी पुढची ओळ धरली आणि निघाली. त्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव आलं, सासऱ्यांचं आलं. दिराचं मी तरी ऐकलं नाही. आजींनी मध्येच मान हलवली, ती ‘हो’ म्हणून की ‘नाही’ म्हणून, ते बाजूनं कळत नव्हतं.

संपलं तेव्हा टाळ्या नाही वाजल्या. धवल्याला वाजवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. बायका हळद घेऊन पुढे झाल्या. हे माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे होते, आणि एवढ्या माणसांत त्यांनी कुणाचेही आभार मानले नाहीत.

डीजे परत लागला. मी गर्दीतून वाट काढत आजींच्या खुर्चीपाशी गेले, खाली बसले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, “आजी, सुनेनं कसं म्हटलं?”

त्यांनी हातानं माझं डोकं धरून स्वतःकडे ओढलं. माझ्या कानाला त्यांचे ओठ लागले.

“चार कडवी गेली,” त्या म्हणाल्या. “बाकीची हायत.”